देवी न दिसलेलं घर

गावचे बडे जमीनदार महादेवप्पा यांच्या ओसरीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. टीव्हीवर हात उंचावलेली देवी, आणि समोर अख्खं गाव हात जोडून. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष, टँकर तीन दिवसांआड. जटाधारी महाराज टीव्हीच्या मशिनीत घालायची चकती नाचवत गरजत होते, "सिद्ध केलेली चकती हाय! निर्मळ घरात आई परगट व्हती. जिथं भानामती, तिथं तोंड फिरवती. त्याच घरापायी पाऊस अडलाय!"

घरोघर चकत्या वाटल्या. सगळीकडे आई आली. एकट्या सरजाबाईच्या टीव्हीचा पडदा निळाच राहिला.

त्याच दिवशी तिला टँकरवरून हाकललं. बाई विधवा, घरात सात महिन्यांची गरोदर सून सिंधू. अकराव्या दिवशी दोन कोसांवरच्या झऱ्यावरून घागर आणताना सिंधू पडली. मूल पोटातच गेलं. गाव म्हणालं, "बघा, भानामतीच!"

जळकोटला माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात त्या गावच्या व्यंकटीनं हे सांगितलं. त्या चकत्या मीच तयार करून दिल्या होत्या.

"नरसिंग, सगळीकडं चालतील न्हवं?" महाराजांनी तेव्हा विचारलं होतं.

"डीव्हीडी हाय ही. जुन्या सीडीच्या मशिनीत न्हाई चालायची."

"महादेवप्पाच्या गावात हाय का कुणाकडं तसलं जुनं?"

"एका सरजाबाईकडं. मीच दुरुस्त करतो की."

कशाला विचारता, एवढं विचारायची अक्कल मला झाली नाही.

मी तडक गावात गेलो, सरजाबाईचं मशीन उचललं आणि महादेवप्पाच्या ओसरीवर त्याच्याच टीव्हीला जोडलं. महाराज तिथंच ठाण मांडून होते. लोक जमले.

"मालक, तुमच्या वीरभद्रच्या लग्नाची डीव्हीडी आणा."

ती लावली. पडदा निळा.

"आता सांगा, भानामती नवरदेवाला, का नवरीला?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सरजाबाईची चकती तिच्या मशिनीत लावली. निळा. तीच महादेवप्पाच्या मशिनीत घातली. देवी हजर!

"आई घर वळखती!" महाराज ओरडले.

"घर तर हेच हाय, महाराज. मशीन तेवढं बदललं." मी लोकांकडे वळलो. "चकतीवर बारीक खड्डे असतेत. मशीन त्यावर उजेडाचा किरण टाकून वाचतं. सीडीचे खड्डे मोठे, डीव्हीडीचे लई बारीक. जुन्या मशिनीचा किरण जाड. दाभणानं बारीक मणी ववता येतेत का? नव्या मशिनीला दोन्ही वाचता येतं. बास, एवढंच हाय."

महाराज झोळी आवरू लागले. महादेवप्पा खाली बघत होता. नवा जिल्हा होणार, जमिनीचे भाव चढणार अशी हूल उठल्यापासून सरजाबाईचं रस्त्याकडेचं अर्धा एकर रान त्यानं दोनदा मागितलं होतं. ती नाही म्हणाली होती.

बाया दोन घागरी घेऊन सरजाबाईच्या दारात गेल्या. आत सिंधू भिंतीकडे तोंड करून पडली होती. सरजाबाईनं घागरीला हातही लावला नाही.

"अकरा दिस कुठं हुतं गं हे पाणी?"

बायांनी घागरी उंबऱ्यावरच ठेवल्या. मी तिचं मशीन शेजारी ठेवलं.

माझी शरम मी कुठं झाकणार? पण तुम्हाला सांगतो, पडदा निळा झाला तर आधी मशीन तपासा. कुणाचं पाणी तोडण्याआधी त्याच मशिनीत दुसऱ्या घरातली एखादी डीव्हीडी लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. त्या गावात ते कोणीच केलं नाही, आणि सिंधूचं मूल गेलं.