बांधाची राखण

पोकलेनचा दात बांधात रुतला आणि प्रणयने नकळत हात वर केला. मशीन थांबलं. ड्रायव्हरने केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

"क्या हुआ साहब?"

"कुछ नहीं. चलने दो."

खरंच काही झालं नव्हतं. दूरच्या कुठल्या तरी शहरात देशोदेशींचे लोक एकत्र बसले, पृथ्वीचा ताप उतरवायचा करार झाला, आणि तिकडच्या एका विमान कंपनीने सोडलेल्या धुराची भरपाई भाईंदरच्या खाडीतल्या तिवरांच्या झाडांनी करायची असं ठरलं. बंद पडलेल्या मिठागराचा बांध फोडायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं, की तिवरं आपसूक रुजतील. काम चांगलंच होतं. या प्रकल्पातर्फे प्रणयने मिठागराच्या एकेका भागीदाराच्या घरी जाऊन ते पटवून दिलं होतं. फक्त आईपुढे त्याची जीभ रेटली नव्हती.

याच बांधावर त्याचा बाप, महिपत, गेला होता. अमावास्येच्या उधाणाला बांधावर राखण बसायची. घरून हाक जायची, "बांध हाय का?" राखणदाराने "हाय!" म्हणायचं. बदली आल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही, हा मिठागराचा नेम. त्या वर्षी पाऊस आणि उधाण एकदम आलं, आणि महिपतच्या बदलीला कुणीच पोचू शकलं नाही. बांध टिकला. महिपत सापडला नाही.

तेव्हापासून प्रणयची आई शैला दर अमावास्येला भरतीच्या वेळी हाक मारत आली. जेसल पार्कात तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून मारू लागली. शेजारची हेमालीबेन पहिल्यांदा केवढी दचकली होती! हाक मारून शैला कान द्यायची, मग "हाय म्हनतो" असं पुटपुटून खिडकी लावून घ्यायची. लहानपणी प्रणयला त्या मधल्या शांततेची भीती वाटे. खरं सांगायचं तर अजूनही वाटे.

आज अमावास्याच होती. सकाळच्या ओहोटीत बांधाला खांड पडली आणि दुपारची भरती चढायच्या आत प्रणय घरी निघाला. आपण बापाला दुसऱ्यांदा बुडवतोय, हा विचार जिन्यात काही केल्या त्याची पाठ सोडेना.

दार उघडंच होतं. शैला खिडकीपाशी नव्हती. गॅसवर खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण रटरटत होतं. महिपतच्या आवडीचं ते कालवण, तो गेल्यापासून या घरात कधी शिजलं नव्हतं.

"आये, हाक नाय मारणार आज?"

"कनाला मारू? फोडलास ना बांध? मशीन ऐकू येत व्हती सकाळपासून."

"मी सांगणारच होतो तुला..."

"उशीर केलास रे." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पोऱ्या मोठा हून बापाला कवा सोरवतो, याचीच वाट बघत व्हते. आता राखाला बांधच न्हाय. मंग मानूस कनाला बसल तिथं?"

तिने तीन ताटं मांडली. प्रणय दार लावायला वळला.

"ऱ्हाऊ दे उघडं."

खाडीचं पाणी आत शिरल्याचा आवाज इथवर येणं शक्यच नव्हतं. प्रणय दाराकडे तोंड करून बसला, आणि मधल्या ताटाला ऐसपैस जागा व्हावी म्हणून त्याने आपलं ताट थोडं बाजूला सरकवलं.