डावऱ्या हाताची काठी

"नाव नाही, शिक्का नाही. पाचशे देतो," अभिनव म्हणाला. कर्वेनगरचा हा मुलगा आयटीत नोकरी करतो आणि मासे पकडायच्या जुन्या गळाच्या काठ्या इंटरनेटवरून परदेशात विकतो.

काठी माझ्या सासऱ्यांची. बंगल्याच्या खिडक्यांना बांबूच्या चिकांचे पडदे विणून दिले म्हणून एका गोऱ्या साहेबानं त्यांना बक्षीस दिलेली. आणि मी बुरुडाची सून, चाळीस वर्षं बांबू सोलतेय. हा मला बांबू शिकवणार!

"बसा साहेब," मी म्हटलं. "सहा कामट्या तासून चिकटवल्यात. नख फिरवा, सांधा लागतो का बघा. आता वरचा रेशमी दोरा बघा. उलट्या बाजूनं गुंडाळलाय. बनवणारा डावरा होता."

"कशावरून मावशी?"

मी माझी टोपली त्याच्यापुढे आपटली. "ही वीण बघा आणि शेजारणीची बघा. मीही डावरी आहे."

त्यानं लॅपटॉप उघडला. बराच वेळ फोटो चाळले आणि एकाएकी थांबला. एका इंग्रज कारागिराच्या काठीवर तसाच उलटा दोरा! तो कारागीर डावरा होता आणि काठीवर कधीच नाव घालत नसे, असं खाली लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं.

"चाळीस हजार," तो हळूच म्हणाला.

"साठ."

तो कबूल झाला.

दारात अख्ख्या आळीच्या टोपल्यांचा ढीग होता. जाता जाता तो वाकला, दोनचार टोपल्या उलटसुलट करून बघितल्या आणि एक उचलली.

"मावशी, ही तुमची ना?"

माझीच होती.