आप्पासाहेबांच्या रानाचं चित्र

रामदास मोघ्यांनी कॅनव्हासवरची विहीर तिसऱ्यांदा खरवडून काढली आणि हातातली सुरी खाटकन टेबलावर आपटली.

"आता कुठे नेऊ हिला? आपणच सांगा."

"वाईच डावीकडं," आप्पासाहेब खुर्चीतून न हलता म्हणाले. "आन् आंबा एवढा बारका नव्हता, मास्तर. चार माणसांच्या कवेत मावत नव्हता."

"मग चार माणसं उभी करू का शेजारी, मापाला?"

आप्पासाहेबांना टोमणा कळला नाही; ते खरंच विचार करू लागले. मोघे चरफडले. रोज शनिवार पेठेतून दोन बस बदलून विश्रांतवाडीच्याही पुढे या नव्या बंगल्यात यायचं, आणि जे रान आपण कधी पाहिलंच नाही ते दुसऱ्याच्या आठवणीवरून काढायचं. रान होतं तिथे आता संगणक कंपनीची काचेची इमारत उभी होती. गॅलरीतून तिच्याकडे पाहिलं की डोळ्यांना पाणी यायचं. चाळीस वर्षं निसर्गचित्रं काढलेल्या माणसाला बारा दिवसांत एक शेत जमू नये, याची त्यांना लाज वाटत होती आणि त्या लाजेचाच जास्त संताप येत होता.

"नातवाला कळाया पायजे, आपलं काय व्हतं," आप्पासाहेबांचं पालुपद सुरू झालं. "परवा वास्तुशांत हाय. चित्र लागलं न्हाई, तर त्यो त्या काचंलाच आपलं रान समजंल."

हे काही खोटं नव्हतं, म्हणून तर मोघ्यांना सामान गुंडाळून चालतंही होता येत नव्हतं.

तेवढ्यात आप्पासाहेबांच्या पत्नी सोजरबाई चहा घेऊन आल्या. बारा दिवस त्या कप ठेवून मुकाट्याने परत जात. आज मोघ्यांनी त्यांनाच गाठलं.

"वहिनी, तुम्ही तरी सांगून टाका. असंच होतं ना तुमचं रान?"

पदर सावरून सोजरबाईंनी चित्र पाहिलं.

"आसंल. ह्ये म्हंत्यात तर आसंल."

"आसंल काय?" आप्पासाहेब उखडले. "जल्म गेला की तुजा तिथं!"

"गेला की. पर मी आसं उभ्यानं कवा बगितलंच न्हाई." त्या फरशीवर उकिडव्या बसल्या. उजव्या हाताची मूठ खुरपं धरल्यासारखी वळली. "आमाला एवढंच दिसायचं. कांद्याची पात, लव्हाळा, आन् आपलीच पावलं."

मोघ्यांना चिडायला आता कुणी उरलं नव्हतं. आजवर रंगवलेलं एकही शेत त्यांनी खाली बसून पाहिलं नव्हतं. कुरकुरणारे गुडघे दुमडून ते सोजरबाईंशेजारी फरशीवर बसले.

आप्पासाहेब दोघांकडे पाहत राहिले.

"आन् मी गं?" त्यांनी विचारलं. "मी कुठं व्हतो?"

"तुमच्या वहाणा दिसायच्या की," सोजरबाई म्हणाल्या. "बांधावरनं जाताना."