जुमाबेकचा लांब बाह्यांचा शर्ट

मी जुमाबेकचा शर्ट. फिकट पिवळा, सुती, मनगटापर्यंत बाह्या असलेला. डोंगरातल्या थंड नारिन गावात त्याच्या बायकोने, बुरुलने, मला शिवलं. बाहेर बर्फ साचलेलं आणि ही बाई उन्हाळी कापड कापत बसलेली, म्हणून शेजारणी हसल्या होत्या.

त्यांची मुलगी आयझात व्हिएतनाममध्ये समुद्रकाठच्या गावी नोकरी करायची. तिने आईबापांना महिनाभर राहायला बोलावलं आणि फोनवर बजावलं, इथे डेंग्यू आहे, त्याचे डास दिवसाढवळ्या चावतात, अंगभर कपडे आणा. डासाला भिऊन कपडे शिवणारी बाई आजच पाहिली, असं जुमाबेक म्हणाला. बुरुल मशीनचं चाक फिरवत राहिली. त्याला डास पळवणारं मलम अंगाला चोपडणं आवडत नसे, म्हणून मी त्याच्यासाठी. स्वतःसाठी तिने काहीच शिवलं नाही.

तिथे रोज सकाळी ती स्वतः माझी मनगटाची बटणं लावायची. जुमाबेक कुरकुरत बाहेर पडायचा, बाजारात, बंदरावर, घामाने मला भिजवत. ती मात्र मुलीच्या घरामागच्या अंगणात बाह्या दुमडून कणीक मळत बसायची. बऱ्याच दिवसांनी लेकीला हातचं खाऊ घालायला मिळालं होतं ना. अंगणातल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचलेलं असे.

"आई, आधी हातांना मलम लाव."

"पिठाचे हात आहेत गं. झालं की लावते."

ते झालं की भांडी असत, भांड्यांनंतर कपडे. मी दोरीवर वाळत असताना तिच्या कोपरावर एक डास बसला. पायांवर पांढरे पट्टे होते. मी नुसता हलत राहिलो. कापड दुसरं काय करणार?

नारिनला परतून चार दिवस झाले आणि बुरुल तापली. डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखी. तपासायला आलेल्या डॉक्टरांना साधा फ्लू वाटला. आपण कुठून आलो हे जुमाबेकने सांगितलं नाही. परदेशवारीची बढाई मारल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. अंगदुखीवर घरातल्याच गोळ्या त्याने तिला दिल्या.

पाचव्या दिवशी ताप उतरला. त्याने रस्सा केला, ती दोन चमचे प्यायली आणि घोड्याला चारा घालून या म्हणाली. तो हलक्या मनाने गेला. परत आला तेव्हा ती पोट धरून तळमळत होती, हिरड्यांतून रक्त येत होतं, हातपाय गार पडले होते. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुठे प्रवासाला गेला होतात का?" तेव्हा कुठे त्याने सांगितलं. पहाट व्हायच्या आत बुरुल गेली.

त्यानंतर जुमाबेकने मला कधी घातलं नाही. पण गावातलं कुणी उष्ण मुलखात निघालं की तो मला घडी करून त्यांच्या हातात देतो. "दिवसाही घाला," तो सांगतो. "आणि आल्यावर ताप चढला, तर आधी सांगा कुठून आलात ते. ताप उतरला तरी माणसाजवळून उठू नका."

लोक मला नेतात, धुऊन परत आणून देतात. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. निघताना घरात किती माणसं आहेत ते बघा. मी एकालाच पुरतो.