पदरानं धरलेलं नाव

एक होतं परळ. परळात होती एक चाळ, चाळीत एक खोली, आणि खोलीत तीन माणसं: सासू जाईबाई, सून कौसल्या आणि कौसल्याचा नवरा. त्याचं नाव काय म्हणाल, तर जरा दम धरा. या घरात ते नाव असं येताजाता कुणी घेत नाही, आणि माझी सारी गोष्ट त्या नावाचीच आहे. चौथी मी, दाराआडच्या कोपऱ्यात बसलेली. मी जातं बोलतेय.

जात्यानं 'बसलेली' म्हणावं का, असं कुणी शिकलेलं माणूस विचारील. मला शाळा नाही. जन्मभर माझ्याशी बायकाच बोलल्या, म्हणून माझ्या तोंडात बाईचीच भाषा बसली.

माझा जन्म कोकणातला. पाथरवटानं काळा दगड फोडला, दोन गोल तळ्या घडवल्या, खालचीत खीळ ठोकली, वरचीला खुंटा बसवला, आणि मी जाईबाईच्या सासरी आले. जाईबाईही तेव्हा नुकतीच आलेली, परकर सुटून लुगडं आलेलं, एवढीशी. तिनं दिवसा नवऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे चारचौघांत बघायचं नाही, आणि त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं तिला आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं.

मग मनातलं सांगायचं कुणाला? पहाटे मला सांगायची. मूठभर नाचणी माझ्या तोंडात टाकायची, खुंटा धरायची आणि गायची:

आंबा मोहरला बाई, कुणी सांगेना वाऱ्याला,
त्याला वास आला आधी, मग कळलं साऱ्याला.

आंबा कोण आणि वारा कोण, हे काय मला सांगायला हवं? नवरा कधी आंबा व्हायचा, कधी दर्या, कधी डोंगरामागून वर येणारा सूर्य. तो होडी घेऊन गेला की ती स्वतः व्हायची ओहोटीची वाळू. लोक म्हणतात, कवी उपमा देतात ती शोभेसाठी. देत असतील बापडे. मला मात्र असं दिसलं, की ज्यांना नाव घ्यायची चोरी होती, त्यांनाच आधी उपमा सुचल्या.

पुढे जाईबाईचा नवरा दर्यावरच गेला. ती पोराला घेऊन मुंबईला निघाली, आणि मला सोडेना. बोटीवरचे खलाशी हसले, "म्हातारे, मुंबईत दगडांचा दुष्काळ पडलाय काय?"

म्हातारी कसली, तिशीचीसुद्धा नव्हती. पण विधवेला सगळे म्हातारीच म्हणतात. ती म्हणाली, "दगड मिळतील रे. पण माझं ऐकलेला दगड कुठे मिळंल?"

पोरगा मोठा झाला, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, लागला. परळातच वाढलेली कौसल्या सून म्हणून आली. गुणाची, पण घाईची. गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की निघाली होती, तिनं डबा उचलला आणि चक्की गाठली. माझ्यावर वळकटी आली, वळकटीवर घासलेटचा डबा. जाईबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पायही धरले होते. दिवसातून एकदा ती चाचपडत यायची, वळकटीखाली हात घालून माझी कड चाचपायची आणि म्हणायची, "हायस ना गो?"

आहे, म्हणायचे मी. पण दगडाचं कोण ऐकतंय. दगडाला एकटेपण नसतं असं समजू नका. ज्याच्याशी कुणी बोलत होतं आणि आता बोलत नाही, तो कुणीही असो, एकटाच.

त्याच दिवसांत मुंबईसकट महाराष्ट्र मागणाऱ्या सभा सुरू झाल्या. चाळीसमोरच्या मैदानात शाहीर डफ वाजवायचे. मुंबईला कधी आई म्हणायचे, कधी पळवून नेलेली नवरी. मला कोपऱ्यात बसून वाटायचं, अरे, ही तर आमचीच रीत! पण ते डफावर सांगायचे, आम्ही पिठात.

कौसल्याचा नवरा एरवी मुखदुर्बळ. बायकोला हाक मारायची तर "अगं, ऐकलंस का" यापलीकडे गाडी नाही. पण मोर्चात मात्र त्याचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा निघायचा. एक दिवस पाळी सुटल्यावर तो तसाच मोर्चाला गेला. गोळीबार झाल्याची बातमी चाळीत आली. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. कुणी म्हणे, पकडून नेलेल्यांत पाहिला. कुणी काहीच म्हणेना, आणि ते जास्त वाईट.

कौसल्यानं माझ्यावरची वळकटी उतरवली. मला वाटलं, माझी आठवण झाली. तसं नव्हतं. जात्याच्या घरघरीत रडणं ऐकू जात नाही, हे तिला कुणी न शिकवता कळलं होतं. ती तांदूळ दळायची, मुकाट्यानं. ओवी नाही, शब्द नाही. पलीकडे सासू जागी, अलीकडे सून जागी, मध्ये मी, आणि तिघींत एक अक्षर नाही.

मग कळलं, की पकडलेल्यांची चौकशी एका कचेरीत होते. शेजारच्या आनंदीबाईला सासूपाशी बसवून कौसल्या गेली. दुपार उलटल्यावर परतली.

"काय गो, काय म्हणाले?" जाईबाईनं विचारलं.

"कचेरी बंद होती, आई."

दुसऱ्या पहाटे तिनं खुंटा धरला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून ओवी निघाली. अगदी हलक्या आवाजात:

होडी लागली काठाला, उतरेना गं माणूस,
नांगर जड जिभेचा, मला आई नको पूस.

अंथरुणावरून जाईबाई म्हणाली, "कचेरी बंद होती, की तुझी जीभ?"

खुंटा थांबला. मी थांबले.

"उघडी होती, आई," कौसल्या म्हणाली. "साहेबानं विचारलं, कोण पाहिजे? म्हटलं, मांडवकर. तो म्हणाला, मांडवकर चौघं आहेत, नाव सांगा. मी म्हटलं, जो कधी हरत नाही ना, तेच नाव. तर म्हणतो, बाई, आत सगळे न हरणारेच भरलेत! कोडी घालू नका, पुढे चला."

"मग आनंदीला ने. मी सांगते तिला नाव."

"परक्यांना सांगत नाहीत. घरच्याच माणसानं बोलायचं. आणि तुम्हाला त्या रेटारेटीत कशी नेऊ?"

"मग घे की गो नाव!"

"आणि मी नाव घेतलं, आणि तिकडे..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. पण मला कळलं, जाईबाईलाही कळलं. तो आत जिवंत असेल-नसेल या टोकावर उभा, आणि आपल्या जिभेनं त्याला पलीकडे ढकलायचं?

जाईबाईनं अंगावरची वाकळ बाजूला सारली. मग सरकत सरकत माझ्यापाशी आली, खुंट्यावरच्या सुनेच्या हातावर तिनं हात ठेवला.

"माझ्या माणसाचं नाव मी लग्नात एकदा घेतलं, उखाण्यात. पुढे जन्मात नाही घेतलं. कधीसुद्धा नाही." थांबून म्हणाली, "तरी गेलाच ना गो तो?"

इतक्या वर्षांत हे ती मलाही बोलली नव्हती.

"चुलीवरचं कढत भांडं कसं उचलतेस तू?"

"पदरानं धरून."

"मग नाव पण पदरानं धर. उखाण्यात घातलं की चटका बसत नाही. कचेरी असो की मांडव. बांध उखाणा."

कौसल्या दळू लागली, बांधू लागली. आंब्याचा केला, दर्याचा केला. जाईबाई प्रत्येकाला नाक मुरडी. "आंबा माझा, दर्या माझा. तू परळची. तू कधी मोहर पाहिलास? उष्टी उपमा देवाला चालत नाही. तुझ्या डोळ्यांनी काय बघितलंस, ते सांग."

"मी काय बघितलं? गिरणी. डबा द्यायला जायचे तेव्हा."

"मग गिरणीत काय हलतं-डुलतं?"

कौसल्याचा हात मंद झाला. माझी वरची तळी इकडून तिकडे हळूहळू फिरत होती, आणि तिला साच्यावरचा धोटा आठवला, पोटात धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा.

त्या दिवशी ती आनंदीबाईला सोबत घेऊन गेली. परतल्या तेव्हा आधी आनंदीबाईच आत घुसली, चप्पल काढायचंही भान नाही.

"जाईबाई, आहे तो! जिवंत आहे! पायाला लागलंय, पण बरा आहे."

जाईबाईनं दोन्ही हात माझ्यावर टेकले.

"अहो, पण तुमच्या सुनेनं काय केलं ऐका तरी! साहेब म्हणाला, आज तरी नाव सांगणार का? तर ही पदर सारखा करून, खाली मान घालून, मांडवात उभी राहिल्यासारखी:

धोट्याला ओढ धाग्याची, धाग्याला धोट्याची ओढ,
जयवंतरावांचं नाव घेते, साहेब, भेटीला सोड!

सरकारी साहेबाला तोंडावर 'सोड' म्हणाली हो!"

"यमक नको जुळायला?" कौसल्या लाजून म्हणाली.

"आणि मग मागच्या रांगेतल्या बायका! त्यांच्याही जिभेला तोच नांगर होता की. एकीनं धीर केला, दुसरीनं केला, जी ती उखाण्यात नाव घ्यायला लागली. कचेरीची नुसती मंगळागौर झाली. साहेबानं टाक खाली ठेवला आणि म्हणाला, बायांनो, जरा सावकाश, मला लिहू द्या!"

जाईबाई हसली. हसता हसता रडली. ते मात्र घरघरीशिवाय, उघड.

जयवंत सुटून आला तो लंगडत. जिन्यापर्यंत दोस्तांनी खांद्यावर आणला, पण दारात आनंदीबाई आणि चाळभरच्या बायका आडव्या. "बायकोनं भर कचेरीत तुमचं नाव घेतलंय. आता तुम्ही घ्या, नाहीतर आत सोडत नाही."

मैदान दणाणून सोडणारा गडी घामाघूम झाला. त्यानं चौकटीला हात टेकला, आत बघितलं. कौसल्या माझ्याशेजारी उभी होती, हाताला पीठ.

"कौसल्या," तो म्हणाला.

"आणि पुढे? कशासारखी? गुलाबासारखी का चांदण्यासारखी?"

"पुढे काय?" तो म्हणाला. "कौसल्या."

बायका हसल्या. कौसल्या हसली नाही. मी आयुष्यभर ओव्या ऐकल्या, पण त्या दिवशी मला एक समजलं. आंबा, दर्या, धोटा हे सगळे माणूस समोर नसतानाचे सोबती. माणूस दारात आलं की ते बाजूला होतात आणि त्याला वाट देतात.

बाजूला होणं माझ्याही नशिबी होतं. जयवंत पुन्हा साच्यावर रुजू झाला, पिठाचा डबा पुन्हा चक्कीवर. माझ्यावर वळकटी परत आली. जाईबाई एका पहाटे झोपेतच गेली. आता वळकटीखाली हात घालून "हायस ना गो" म्हणणारं कुणी नाही. खालची तळी वरचीला विचारते, वरची खालचीला. दोघी दगडच.

मी कुणाकडे काय मागणार? एवढंच, की कधी मनातलं बोलायला माणूस सापडलं नाही, तर मूठभर दाणे घेऊन या. पीठ चक्कीत चांगलं होतं, मान्य. पण चक्की ऐकत नाही.

राहता राहिलं घराचं. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. चाळीच्या कठड्यावर पणत्या लागल्या त्याच महिन्यात कौसल्याच्या मुलीचं बारसं झालं. नाव ठेवलं जाई. आनंदीबाईनं बजावलं, "अगं, सासूचं नाव! तुला घेता यायचं नाही. लाडाचं काहीतरी ठेव, बाळी म्हण, छकुली म्हण."

कौसल्यानं ऐकून घेतलं. आणि आता सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ती मोकळ्या गळ्यानं हाक मारते. पदर नाही, उखाणा नाही.

"जाई! अगं जाई!"

पलीकडून जयवंत म्हणतो, "कौसल्या, ती इथे आहे माझ्यापाशी."

मी कोपऱ्यातून ऐकते.