पुसलं ते बापाचं अक्षर

मी एक जुना पितळी नळा आहे. लोक मला फुलदाणी म्हणतात. म्हणोत बापडे! मित्रांनो, मी तोफगोळ्याच्या मागचा, दारू ठासायचा नळा आहे, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या बुडावर कारखान्याचं नाव आणि साल असं दणकून ठोकलं, की ते अजून जसंच्या तसं आहे. मग मला तोफेत घातलं. एक धमाका झाला. पुढचा गोळा उडाला आणि मी रिकामा होऊन चिखलात पडलो. तो गोळा कुणाच्या अंगावर पडला, ते मला कुणीही सांगितलं नाही. या गोष्टीचा राग माझ्या मनातून कधीच गेला नाही आणि जाऊ नये.

चिखलातून मला एका शिपायाने उचललं. लढाईआधी तो गाड्या दुरुस्त करायचा. घरून पत्र आलं होतं, मुलगी झाली म्हणून. त्याने माझ्यात ओली वाळू गच्च भरली, कमरेला चेपून मला बारीक केलं आणि घोड्याच्या नालेचा एक खिळा घेऊन अंगावर पानं उठवली. तोंडापासून चार बोटं खाली, ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं, ‘चिमणीला. बाबा.’ चिमणीतला ‘म’ जरा तिरका झाला, तेव्हा स्वतःलाच शिव्या हासडल्या. महिन्याभरात तो गेला. त्याच्या घोंगडीत गुंडाळून त्याच्या दोस्ताने मला घरी पोचवलं.

चिमणीने बाप पाहिला नाही. घरात त्याचा फोटोही नव्हता. होतो तो मीच. रोज सकाळी ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची. शाळेत जाताना, लग्न झाल्यावर, सासूबाई झाल्यावरही. ऐंशी वर्षांच्या बाईला कुणी चिमणी म्हणत नाही, पण मी म्हणतो.

आणि मग तिच्या वाढदिवसाला सुनेच्या डोक्यात आलं की आईंना चकित करावं! ते ठिपके म्हणजे अक्षरं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मला पिशवीत घालून ती पॉलिशवाल्याकडे घेऊन गेली.

“फार खड्डे पडलेत हो,” पॉलिशवाला म्हणाला. “आधी घासून सपाट करू का?”

“करा की. अगदी नव्यासारखं दिसू दे.”

अरे, खड्डे? खड्डे म्हणे! चाक गरगरलं आणि दहा मिनिटांत एका बापाचं सगळं बोलणं भुगा होऊन जमिनीवर पडलं. बुडाला मात्र त्याने हात लावला नाही. बूड कोण बघतं?

चिमणीने सवयीने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. “काय केलंस गं हे?” एवढंच बोलली, आणि पंधरा दिवस सुनेशी एक शब्द बोलली नाही. सून बिचारी कोपऱ्यात रडायची. मला तिचीही दया आली नाही, खरं सांगतो.

शेवटी पुसलेल्या अक्षराचा काही माग लागतो का, ते विचारायला दोघी मला जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात घेऊन गेल्या. तिथल्या पारखी बाईंनी मला पहिल्यांदा काय केलं असेल? उलटं केलं! बूड वाचलं. “कारखाना कळला, साल कळलं. पण आजी, अशा फुलदाण्या नंतर दुकानांतही विकायला होत्या. खुणेशिवाय ही तुमच्या वडिलांनीच केली, असं मी कसं म्हणू?”

“म्हणजे मी जन्मभर कुणा दुकानदाराच्या मालावरून हात फिरवत होते?” चिमणी म्हणाली.

तेव्हा सून पुढे झाली. “मॅडम, आतून पुसताना माझ्या बोटांना नेहमी काहीतरी खरखरीत लागायचं. वाटायचं, घाण चिकटलीय. कितीदा घासलं, निघालंच नाही.”

बाईंचे डोळे चमकले. बाहेरून खिळा ठोकला की आत उंचवटा येतो! त्यांनी सुनेला आत पातळ कागद दाबून धरायला लावलं आणि पेन्सिलीचं शिसं त्यावरून फिरवलं. कागदावर उलटी अक्षरं उमटली. तो पालथा करून खिडकीशी धरला, तर ‘चिमणीला. बाबा.’ तिरका ‘म’सुद्धा.

“हाच! हाच तो ‘म’!” चिमणी लहान पोरीसारखी ओरडली. लगेच तिने माझ्यात हात घालायला पाहिलं. सुजलेल्या सांध्यांचा हात माझ्या तोंडाशीच अडला. मग तिने सुनेचं मनगट धरलं.

“तुझा जातो ना आत? मग रोज सकाळी मला वाचून दाखवायचं. चुकवलंस तर बघ.”

“नाही चुकवणार, आई.”

मित्रांनो, ज्याने मला मारायला बनवलं त्याचं नाव ठळक आहे. ज्याने माझ्यावर पानं काढली, त्याचं चाचपून शोधावं लागतं. घरातली जुनी वस्तू चकचकीत करायच्या आधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि हात अगदीच शिवशिवत असतील, तर माझं बूड घासा.