फ्लशच्या टाकीतलं झाड

मला सापाची भीती वाटत नाही, भुताची नाही, नवऱ्याच्या आवाजाची तर मुळीच नाही. फाटक्या तोंडाची म्हणून गावात माझी ओळख आहे. पण दोन हजार एक सालच्या एका दुपारी मी अशी घाबरले की तोंडातून शब्द फुटेना.

आमचं घर धनगराचं, साखरा गावाजवळ. पोरगं तेव्हा नऊ महिन्यांचं होतं. माझं दूध तिसऱ्याच महिन्यात आटलं, तेव्हापासून ते काबरी नावाच्या शेळीवर वाढत होतं. दुसऱ्या शेळीचं दूध दिलं की थुंकून टाकायचं, एवढा साहेबी थाट. त्यामुळे आम्ही जाऊ तिथे काबरी बरोबर. त्या दुपारच्या महिनाभर आधी पोरगं माझ्या नजरेआड बाजेवरून पडलं होतं. डोक्याला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण माझा नवरा शिवहार त्या दिवशी हळू आवाजात म्हणाला की पुन्हा असं काही झालं तर लेकरू परभणीला बहिणीकडे नेऊन ठेवीन. शिवहार ओरडतो तेव्हा काही करत नाही. हळू बोलतो तेव्हा करतो.

जवळच्या तांड्यावर उत्तमसिंग मेस्तरी राहायचे. साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन आले आणि भंगारातून बाग करत बसले. आमच्याकडून ते लेंडीखत घ्यायचे. शिवहार पोती पोचवायला निघाला तेव्हा मी हट्टच धरला की मलाही बाग बघायची. सासूबाई, म्हणजे चंद्रभागाबाई, पुटपुटल्या की जन्मभर झाडांत राहून झाडं बघायला कोण जातं, पण नातवाला सोडून त्या घरी थांबणार नव्हत्या.

बाग कसली, जत्राच होती. ट्रकचे टायर कापून त्यांचे हंस केलेले. फवाऱ्याच्या पंपात झेंडू, गमबुटात कोरफड, टीव्हीच्या खोक्यात तुळस, मोटरसायकलच्या हेल्मेटात ओवा. संडासाचं पांढरं भांडं दारातच मांडलेलं आणि त्यात गुलाब. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. पायांमधून ससे पळत होते, सिमेंटच्या हौदाकाठी कासव ऊन खात होतं. मी दोन पावलं आत टाकली आणि तीन बदकं मान लांब करून, फुसफुसत माझ्यावर चालून आली. एकाने माझ्या लुगड्याचा काठच धरला. मी पोराला छातीशी धरून ओरडत भिंतीला जाऊन टेकले. सगळे हसले. नंतर मीही हसले.

काबरीही बिथरली होती. ती दोरी तोडायला बघत होती. शेळीमागे फिरणाऱ्या माणसाचा हात कधी रिकामा राहत नाही. चालता चालता डहाळी ओढायची आणि शेळीपुढे धरायची, शेळी गप्प होते. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, हात आपोआप वर जातो. माझाही गेला. भिंतीवर डोक्याच्या उंचीला संडासातल्या फ्लशची जुनी टाकी ठोकलेली होती. तिच्यात रुंद, पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचं झाड होतं. मी एक पान देठासकट मोडलं आणि काबरीपुढे धरलं. तिने दोन घास खाल्ले आणि उरलेलं टाकून दिलं. मला वाटलं, लाडावली आहे.

पोरगं रडायला लागलं तेव्हा सासूबाईंनी काबरीला बागेच्या कडेला नेऊन पेलाभर दूध काढलं आणि त्यातलं अर्धं चमच्याने त्याला पाजलं. शिवहार आणि मेस्तरी पोती उतरवून घेत होते. तेवढ्यात काबरी मान झटकायला लागली. तिच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत आली. जीभ सुजून बाहेर लोंबत होती आणि ओरडायला गेली तर नुसती घरघर.

मेस्तरी धावत आले. त्यांनी खाली पडलेलं पान उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला. नांदेडच्या नर्सरीवाल्याने त्यांना बजावलं होतं म्हणे की हे झाड विषारी आहे, लेकराच्या हाताला लागू देऊ नका. म्हणून तर त्यांनी ते उंचावर ठेवलं होतं. मग टाकीकडे बघत त्यांनी विचारलं, "पण तिथं शेळीचं तोंड पुरलं कसं?"

पोराच्या ओठाला अजून दुधाचा पांढरा डाग होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शिवहार माझ्याकडेच बघत होता.

"म्या तोडून देलं," सासूबाई म्हणाल्या.

क्षणभर मला वाटलं, त्यांनीही एखादं पान तोडलं असेल. मी टाकीकडे पाहिलं. झाडाचा एकच देठ मोडलेला होता.

पेल्यात उरलेलं दूध सासूबाईंनी उभ्या उभ्या पिऊन टाकलं. मेस्तरी नको नको म्हणत राहिले. त्या म्हणाल्या की लेकराला बोलता येत नाही, मला काही झालं तर डॉक्टरला सांगता तरी येईल. मग शिवहारने सडकेवर जीप थांबवली. काबरीला मेस्तरींकडे सोडून, कोवळी ज्वारी बाधलेल्या शेळीला पाजतात तसं गूळपाणी पाजायला सांगून आम्ही सेनगावच्या दवाखान्याकडे निघालो.

त्या रस्त्याइतका लांब रस्ता मी जन्मात पाहिला नाही. मी पोराच्या नाकाशी बोट धरून बसले होते. ते झोपलं की मी त्याला चिमटा काढून रडवायची, रडलं म्हणजे जिवंत आहे. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. आणि खरं सांगते, लेकराच्या जिवाच्या भीतीखाली दुसरीही भीती होती. ते जगलं तरी माझ्याजवळ राहील का, हीच.

डॉक्टरांनी पोराच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं, पोट दाबलं, सासूबाईंचीही जीभ बघितली. दुधातून काही उतरलं असेल असं वाटत नाही, पण संध्याकाळपर्यंत थांबा, म्हणाले. शिवहार बाहेरच्या ओट्यावर आईवर बरसला. चाळीस वर्षं शेळ्यांमागे काढून एवढं कळू नये का, म्हातारपणी अक्कल चरायला गेली का, असं सगळं लोकांसमोर. त्यांच्याशी तो असा कधी बोलला नव्हता. त्या खाली मान घालून ऐकत होत्या, आणि गावभर भांडणारी मी खांबामागे मुकी झाले होते.

दवाखान्यामागच्या नळावर त्या तोंड धुवायला गेल्या तेव्हा मी मागे गेले.

"आत्या, तुमी काहून तुमचं नाव घेतलं?"

"तुला पान देताना म्या पाह्यलं. मला बी ते झाड कुठं ठाव व्हतं? तुझं नाव निघालं असतं तर त्यानं लेकरू परभणीला नेलं असतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माझ्या हाती न्हाई देलं त्यानं तरी चालतंय. डोळ्यापुढं तर ऱ्हाईल."

दिवस मावळायच्या आत डॉक्टरांनी पोराला पुन्हा तपासलं. ते त्यांचा चष्मा ओढत होतं. काही झालेलं नाही, घरी न्या, म्हणाले. सासूबाईंनी पोराला घ्यायला हात पुढे केले, तर शिवहारने ते मधल्यामधे उचललं आणि माझ्याकडे दिलं.

"आजपासून आईच्या हातात द्यायचं न्हाई," तो म्हणाला. हळू आवाजात म्हणाला.

सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, गप बस म्हणून. गप बसले असते तर सगळं निभावलं असतं.

"पान म्या देलं व्हतं," मी म्हणाले. "आत्यानं न्हाई."

शिवहार काही बोलायच्या आत मी पोराला सासूबाईंच्या कडेवर दिलं. त्या नुसतं म्हणाल्या, "येडी गं येडी."

परतीच्या जीपमध्ये तो पुढे बसला. काबरीचं काय झालं ते तांड्यावर गेल्यावरच कळणार होतं. परभणीचं काय, ते मी विचारलं नाही, विचारायची छातीच झाली नाही. पोरगं आजीच्या मांडीवर झोपलं होतं, त्याच्यावर तिचा हात होता, आणि त्या हातावर मी माझा हात घट्ट दाबून ठेवला होता. न्यायचंच असतं तर शिवहारला ते दोघींच्या हातातून ओढून न्यावं लागलं असतं.